मामाच्या हातातला झेला

माझी एक खोड सगळ्या गावाला मालूम हाय. मी रुसतो. लग्नात, बारशात, जावळात, कुटं बी. एका पत्रिकेत माझं नाव चुलतभावाच्या खाली छापलं म्हणून मी भरल्या पंगतीतून उठून आल्तो. दुसऱ्या एका लग्नात मला बांधलेला फेटा शेजारच्या पाव्हण्यापेक्षा हलका निघाला, तर मी तो सोडला, नीट घडी घातली आन् यजमानाच्या हातात परत दिला. लोक हसतेत. "रामप्रसाद आला का? आला? मग बसलाय का रुसलाय?" असं इचारतेत. मला त्याची शरम कधी वाटली न्हाई. मी म्हणायचो, मान मागून घ्यावा लागतो, आपोआप कुणी देत नसतंय.

शरम दुसऱ्याच गोष्टीची हाय. ती मी आजपत्तूर कुणाला सांगितली न्हाई.

माझी लेक अर्पिता परभणीला मराठी घेऊन एम.ए. करायलीय. तिच्या मॅडमनी सगळ्या पोरांना गावाकडचे जुने शब्द गोळा करून आणायला लावलेत. एका शब्दाचे सापडतील तेवढे अर्थ, आन् ज्यानं सांगितले त्याचं नाव, गाव, वय. चैत्रात ती घरी आली तवा वही घेऊन माझ्यापुढं बसली. चार दिवसांवर माझ्या बहिणीच्या धाकट्या लेकीचं, राजेश्रीचं लग्न होतं. घरात दुसरं बोलणंच नव्हतं, म्हणून तिनं पहिला शब्द तिथलाच काढला.

"नाना, झेला म्हंजे काय? नीट सांगा, लिहून घ्यायचंय."

मला असं कुणी इचारलं की माझी छाती फुगती. मी मांडी घातली, टोपी नीट केली.

"लिही. झेला म्हंजे फुलांचा लहान जुडगा. मुठीत मावंल एवढा. आता तुमी बुके म्हणता ना, पन्नीत गुंडाळलेला, त्याला वास ना काही. झेला घरी बांधायचा असतोय. मोगरा, दोन झेंडू, मरव्याची काडी आन् हळदीत भिजवलेला दोरा."

"दुसरा अर्थ?"

"दुसरा कानातला. तुझ्या आजीच्या कानात मोत्याचा झेला होता. ती चालायली की हलायचा. तिसरा, झाडाला एका जागी पाच-सात फळं लोंबतेत, तो घोस. आन् चौथा, आंबे उतरायची काठी असती बघ, टोकाला जाळी लावलेली, आंबा खाली आपटू नये म्हणून. तिलाबी काही लोक झेलाच म्हणतेत."

तिनं भराभर लिहिलं. मी खूश. म्हणलं, "मॅडमला खुशाल सांग, ताडकळसच्या बाजारात हिंडून कुणाला इचारायची गरज न्हाई, नानाला इचारा."

"आन् लग्नातला?"

"तो पहिलाच की. फुलांचा."

"पण तो मामाच्याच हातात कामून देतेत? बापाच्या न्हाई, भावाच्या न्हाई. त्याला काही अर्थ असंलच."

मी दस्ती काढून तोंड पुसलं. घाम आल्ता असं न्हाई. सुमनबाई, माझी बायको, गॅसपाशी भाकरी थापायली होती. ती माझ्याकडं न बघता म्हणली, "सांगा की. आता कामून गप बसले?"

"तू भाकरी बघ! करपायलीय!" मी वरडलो.

भाकरी करपत नव्हती. मी तरातरा उठून गोठ्यात गेलो आन् म्हशीपुढं पाण्याची बादली ठेवली. ती आत्ताच पाणी पेऊन बसली होती. तिनंबी तोंड फिरवलं.

खरा अर्थ पाचवा हाय. आमच्या सोयऱ्याधायऱ्यात निम्मी घरं उसाला जातेत, कारखान्यावर तोडणीला. दिवाळी झाली की टोळ्या ट्रकात बसतेत आन् घराला कुलूप लागतंय, ते पाडवा आल्याशिवाय निघत न्हाई. अशा घरच्या पोरीला सासरी तकलीफ झाली तर तिनं जायचं कुटं? कुलपापुढं बसायचं का? म्हणून ही चाल पडली. नवरी बोहल्याकडं निघायच्या आधी तिची माय स्वतःच्या हातानं बांधलेला झेला घेऊन भावापुढं येती. सगळ्यांदेखत इचारती, "दादा, दार उघडं ठिवशील?" भाऊ म्हणतो, "उघडं हाय." मग ती झेला त्याच्या हातात देती. झेला घेतला की जबान दिली. पुढं कधी पोरीवर कुणी हात उचलला, उपाशी ठेवलं, घराबाहेर काढलं, तर तिनं थेट मामाचं घर गाठायचं. आन् मामानं काही न इचारता तिला आत घ्यायचं. काही न इचारता, हे महत्त्वाचं.

माझी बहीण गोजरबाई आन् दाजी सुग्रीव दरसाल उसाला जातेत. मी जात न्हाई. मला चार एकर हाय, विहीर हाय. माझं दार बाराही महिने उघडं असतंय, ह्याचा मला लय गुमान होता.

सहा वर्षांखाली त्यांच्या थोरलीचं, ज्ञानेश्वरीचं लग्न झालं. वालूरच्या पुढं एका खेड्यात दिली. त्या दिवशी गोजर झेला घेऊन माझ्यापुढं आली तवा मी "उघडं हाय" असा गरजलो की मांडवातली लेकरं दचकली. दिवसभर झेला फेट्यात खोचून मिरवलो. घरी आणून देवापुढं टांगला. येईल त्याला दाखवायचो, हा माझ्या भाचीचा झेला.

तीन वर्षांनी, पौषात, ती आली.

दुपारची येळ होती. मी ओसरीवर बाज टाकून पडलो होतो. ती एस.टी.तनं उतरून पायी आल्ती, कडंवर वर्षाची पोरगी, हातात वायरची पिशवी. डावा गाल सुजलेला आन् त्याच बाजूच्या कानात कापूस. ती पायरीपाशी थांबली आन् म्हणली, "मामा, आले."

एवढंच. दुसरं काही सांगायची तिला गरजच नव्हती. मायबाप कारखान्यावर, घराला कुलूप, आन् झेला माझ्या देवापुढं. तिनं बरोबर तेच केलं जे तिला लहानपणापासून सांगितलं होतं.

आन् मी इचारलं, "काय झालं?"

तिथंच मी खोटा पडलो, पण ते मला तवा कळलं न्हाई. कारण दुसऱ्या दिवशी अर्पिताला बघायला पाव्हणे येणार होते. पोरगा रेल्वेत, पूर्णा जंक्शनला. असं स्थळ आमच्याकडं कधी चालून येत न्हाई. सुमनबाईनं घर सारवून घेतलं होतं, मी नव्या चादरी आणल्या होत्या. आन् माझ्या डोक्यात एकच घुमायलं: पाव्हणे ओसरीवर बसलेत आन् आतून सुजल्या गालाची पोरगी लेकरू घेऊन बाहेर आली. ही कोण? भाची. इथं कामून? नवऱ्यानं मारली. संपलं.

मी म्हणलं, "ज्ञानू, दोन दिवस दम धर. पाव्हणे येऊन जाऊ दे. मग मी स्वतः येतो तुला न्यायला."

ती म्हणली, "मामा, मी दोन दिवस गोठ्यात राहाते. समोर येणार न्हाई. लेकराला रडू देणार न्हाई."

हे वाक्य मला जेवताना आठवतंय. गाडी चालवताना आठवतंय. गोठ्यात गेलो की आठवतंय, म्हणून मी आजकाल धारा काढायला सुमनबाईलाच धाडतो. माझ्या सख्ख्या बहिणीची लेक मला म्हणली मी गोठ्यात राहाते, आन् मी तिला न्हाई म्हणलो.

सुमनबाईनं तिला जेवू घातलं, लेकराला दूध पाजलं. मला आत बोलावून म्हणली, "आवं, आतल्या खोलीत राहील. कुणाला कळतंय? नका नेऊ." मी तिच्यावर बी वरडलो. चारच्या सुमाराला फटफटी काढली आन् ज्ञानूला मागं बसवून दोन तास चालवत सासरी नेऊन घातलं. सगळ्या वाटंनं थंडी वाजायली म्हणून तिनं लेकराला पदरात घेतलं होतं, त्याचे पाय माझ्या पाठीला लागायले होते.

तिच्या सासऱ्यापुढं बसून मी चहा पेलो. आन् काय म्हणलो असंल? म्हणलो, "पोर जरा रुसून आल्ती. समजावून आणली." उभा जन्म रुसण्यात घालवला मी, आन् नाव तिला लावलं. ती तिथंच दारापाशी उभी होती. तिनं माझ्याकडं बघितलं आन् आत गेली.

दोन दिवसांनी मी गेलो न्हाई. पाव्हणे येऊन, पोटभर जेवून, "पोरगी लय शिकायलीय" म्हणून निघून गेले. तरीबी गेलो न्हाई. मग तूर काढायची होती. मग हरभरा आला. मग शेताची लाईट रातपाळीची झाली. खोटं कशाला बोलू, मला तिथं जायचंच नव्हतं. तिचं तोंड बघायची हिंमत नव्हती. होळीच्या आधी ती आपणच निघाली. लेकरू काखेत मारून, उसाच्या ट्रकवाल्यांना इचारत इचारत, कारखान्यावर मायबापाच्या खोपीत जाऊन पोचली. तवर तिचा डावा कान गेला होता. कायमचा. डॉक्टर म्हणला, येळेवर आणली असती तर वाचला असता.

आता ती मायबापाजवळच असती. हंगामात मायच्या जोडीनं ऊस तोडती, उन्हाळ्यात गावात ब्लाउज शिवती. कुणी डाव्या बाजूनं बोललं की मान फिरवून उजवा कान पुढं करती.

गोजरनं मला कधी एक शब्द इचारला न्हाई. एक शिवी दिली असती तर बरं झालं असतं. शिवी दिली असती तर मी रुसलो असतो, आन् रुसलो असतो तर सुटलो असतो. पण तिनं दिवाळीला ओवाळलं, राखी बांधली, आन् राजेश्रीचं जमलं तवा फोन केला, "दादा, तुझ्याबिगर पोरगी बोहल्यावर चढायची न्हाई. लवकर ये."

तर त्या दिवशी मी गोठ्यातनं परत आलो तवा अर्पितानं वही मिटून ठेवली होती. तिच्या मायनं सगळं सांगितलेलं दिसलं. तीन वर्षांखाली ती वसतिगृहात होती, पाव्हण्यांपुरती सकाळी आली आन् दुपारी गेली. तिला काहीच मालूम नव्हतं.

"नाना, मला बघायला येणार होते म्हणून?"

"तुझ्यासाठीच केलं बाई."

"मला इचारलं होतं का?"

तिनं वही पिशवीत टाकली आन् लग्नापत्तूर माझ्याशी कामापुरतं बोलली.

लग्नाला जाऊच नये असं मला लय वाटलं. ताप आलाय म्हणून पडून राहावं. पण मामाबिगर झेला कुणाला द्यायचा? आन् न्हाई गेलो तर लोक काय म्हणणार, रामप्रसाद रुसला. गेलो. पूर्णेच्या अलीकडं सुग्रीव दाजीचं गाव हाय, घरापुढंच मांडव टाकला होता. मी कोपऱ्यात एका खुर्चीवर बसलो. फेटा बांधणारा आला, त्याला नको म्हणलं. तो हसला आन् दुसरीकडं गेला. मला वाटलं, बरं झालं. ते बरं झालं नव्हतं, ते पुढं कळलं.

साडेबाराचा मुहूर्त. राजेश्री मुंडावळ्या बांधून दारात उभी राहिली. पाठीमागं ज्ञानेश्वरी, पोरीचं बोट धरून. गोजर झेला घेऊन आली. मोगरा, झेंडू, मरवा. तिच्या हाताला कोयत्याचे घट्टे पडलेत, पण झेला इतका नाजूक बांधलेला की काय सांगू. ती माझ्यापुढं थांबली. मी खुर्चीवरून उठलो.

"दादा, दार उघडं ठिवशील?"

माझे हात वर गेले न्हाईत. खरंच सांगतो, मी ठरवून केलं न्हाई. मला गोठा दिसायला लागला. कोणत्या तोंडानं म्हणू उघडं हाय म्हणून?

गोजरनं पुन्हा इचारलं. मी खाली बघत उभा.

आन् मागून कुणीतरी म्हणलं, "झालं! मामा रुसला!"

सगळा मांडव हसला. मला वाटलं जमिनीनं पोटात घ्यावं. सुग्रीव दाजी पळत आले, बिचारे घामानं भिजलेले. "रामप्रसादराव, काय चुकलं? फेट्याचं का? आवं, त्या पोराला समजलं न्हाई." त्यांनी फेटेवाल्याला बोलावून चांगला भरजरी फेटा माझ्या डोक्यावर चढवला. माझी मान खाली, तो बांधायलाय. मी म्हणलो, "दाजी, मी रुसलो न्हाई."

पुन्हा हशा. रुसलेला माणूस दुसरं काय म्हणतो? आजवर दर लग्नात मीच हे वाक्य म्हणलोय.

मग शाल आली. मग नारळ. नवऱ्याकडचे दिनकरराव म्हणून वडीलधारे होते, ते खुर्चीवरून उठून माझ्यापुढं आले. सत्तरीचा माणूस, त्यांनी मला हात जोडले. "मामासाहेब, आमच्याकडनं मानपानात काही कसूर झाली असंल तर माफी करा. पोरीचा मुहूर्त चाललाय." आन् त्यांनी स्वतःच्या खांद्यावरची शाल काढून माझ्या अंगावर टाकली. बाया तोंडाला पदर लावून हसायल्या. एकीनं म्हणलं, "आगं, अंगठी पायजे असंल." दोन शाली, भरजरी फेटा, हातात नारळ, असा मी उभा. जलमभर मागत होतो तेवढा सगळा मान एका जागी मिळायला होता, आन् एकेक वस्तू अंगावर आली की थोबाडीत बसल्यासारखं वाटायलं.

एकदा मनात आलं, सांगून टाकावं. लोकहो, ज्ञानूला ह्या हातानं मी माघारी नेऊन घातलं, मला झेला घ्यायचा हक्क न्हाई. तोंड उघडलं बी. पण समोर दिनकरराव, नवऱ्याची माय, त्यांचे सोयरे. मी बोललो असतो तर माझं मन हलकं झालं असतं आन् राजेश्रीला सासरच्यांनी ऐकवलं असतं, तुझ्या बहिणीला मामानंबी ठेवली न्हाई, तुझं मागं हाय कोण. म्हंजे पुन्हा माझ्यापायी पोरीचंच वाटोळं. खरं बोलायची सोय बी मी ठेवली नव्हती.

राजेश्रीचे डोळे भरले. तिला वाटलं असणार, मामा माझा झेला घेईना. गोजरचा हात तसाच पुढं होता.

तवा ज्ञानेश्वरी पुढं आली. तिनं पोरीचं बोट सोडलं, मायच्या हातातला झेला काढून घेतला आन् माझा नारळ बाजूला ठेवला. माझा उजवा हात धरून त्यात झेला ठेवला आन् एकेक बोट मिटवलं, लहान लेकराच्या हातात खाऊ देतेत तसं. लोकांना वाटलं भाची मामाची समजूत काढायली. ती अगदी हळू बोलली, माझ्यापुरतं. आवाजात राग नव्हता. राग असता तर मी धरून बसलो असतो त्याला.

"घ्या मामा, येळ जायलाय. येळ आली तर राजीनं कुटं यायचं ते मी तिला सांगून ठिवलंय. माझ्याकडं. ही नुसती फुलं हायेत."

मी झेला धरला. कुणीतरी टाळ्या वाजवल्या, बँड सुरू झाला. दुसऱ्या हातात राजेश्रीचा हात घेऊन मी बोहल्याकडं चाललो. तिचा हात गार पडला होता. तिनं एकदाबी माझ्याकडं बघितलं न्हाई. सगळ्या वाटंनं ती मागं वळून वळून ज्ञानूकडं बघायली होती.